जात्यावरील ओवीतील दांपत्य : मुळशीच्या निमित्ताने

स्त्रियांच्या ओवीत माहेर आहे, भाऊ आहे, लेकरू आहे, विठ्ठल आहे. पती मात्र अभावानेच आढळतो, हे निरीक्षण लोकसाहित्याच्या अभ्यासात आता रूढ झाले आहे. निरीक्षण चुकीचे नाही. परंतु त्यावरून ग्रामीण स्त्री स्वभावतःच संकोची, तिचे मन सात्त्विक, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो तपासून घ्यावयास हवा. त्यात नागर मध्यमवर्गाची लज्जेची कल्पना किती आणि गाणारीचे मन किती, हा खरा प्रश्न आहे. याच मध्यमवर्गाने र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकावर अश्लीलतेचे खटले होताना पाहिले होते, हेही विसरून चालणार नाही.

या दृष्टीने मुळशी तालुक्यातील ओव्या विशेष महत्त्वाच्या ठरतात. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून १९८० नंतर ओव्यांचे संकलन हाती घेतले. पुढे महाराष्ट्रभर विस्तारलेल्या या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. गाणाऱ्या बहुतेक कष्टकरी घरांतल्या. ज्या भूमीत १९२१ ते १९२४ या काळात धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तिथली ही गावे. जमिनी पाण्याखाली गेलेल्या, उरलेली शेती डोंगरउतारावरची. पुरुष पोटासाठी मुंबईला. बालवयात लग्न झालेली स्त्री सासूच्या नजरेखाली वर्षानुवर्षे एकटी नांदे. पहाटे ती जात्यावर बसे तेव्हा घर एका खणाचे, आणि सासू हातभर अंतरावर निजलेली. ओवी कोणाच्या कानावर पडणार आहे, हे गाणारीला पक्के ठाऊक असे. पतीविषयीच्या मौनाची कारणे शोधताना स्वभावाआधी हा कान विचारात घ्यावयास हवा.

मौनाला वाट करून दिली ती धर्मकथेने. विठ्ठलावर रुसून वेगळी राहिलेली रुक्मिणी, तिच्या मनातील जनी व तुळस यांविषयीचा मत्सर, आणि जनीला दळू लागणारा देव या प्रसंगांवर ओवी पुन्हापुन्हा रेंगाळते. स्वतःच्या नवऱ्याविषयी जे उच्चारता येत नाही, ते रखुमाईच्या तोंडी सहज घालता येते. सासूही ते देवाचे गाणे म्हणून ऐकून घेते. सीतेच्या ओव्यांचे तसेच. नवरा मुंबईला असलेल्या स्त्रीवर आळ येणे ही कथेतली गोष्ट नव्हती, रोजची धास्ती होती. म्हणून सीतेचा वनवास गाताना या स्त्रिया रामाची बाजू घेत नाहीत. पातिव्रत्याचा आदर्श ज्या परंपरेने लादला, तिनेच त्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडायला पात्रेही पुरविली. धर्म म्हणजे केवळ दडपण, असे मानणाऱ्या सुधारकी वाचनाला हे दुपदरीपण सहसा दिसत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, भक्तीच्या ओवीत कामभावना शोधणे हाही अभ्यासकाचा आग्रहच होय. आक्षेप रास्त आहे. पंढरीची ओढ ही पंढरीचीच ओढ असू शकते, आणि सगळीकडे दडपलेली वासना पाहणे ही नवी सोवळेगिरीच ठरेल. मात्र याचा निवाडा छापील संहितेवरून होणार नाही. ‘भक्तिपर’, ‘भाऊ-बहीण’, ‘सासर-माहेर’ अशा शीर्षकांखाली ओव्या लावल्या की कोणत्या ओवीमागून कोणती आली, हे कळेनासे होते. आणि रुसव्याच्या ओवीनंतर गाणारी कोठे वळली, यातच बहुधा अर्थ दडलेला असतो. संग्राहक स्त्री की पुरुष, ऐकावयास घरचे कोण होते, याचीही नोंद हवी. तारा भवाळकरांनी लोकपरंपरेतील स्त्रीचा आत्मस्वर ओळखण्याची दिशा दाखविली. त्या दिशेने विद्यापीठीय प्रबंध फारसे गेलेले नाहीत. ते छापील संग्रहांतच घुटमळतात आणि पूर्वसूरींची वर्गवारी जशीच्या तशी उचलतात.

पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते थांबले. मुळशीत आज धरणाच्या काठी विश्रामगृहे आणि बंगले उभे आहेत, आणि ओवी येणाऱ्या स्त्रिया वार्धक्यात आहेत. ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. पण गाणारीला ‘ही ओवी कोणासमोर म्हणत नव्हता, मावशी?’ असे विचारण्याची सोय त्यांत नाही. तो प्रश्न तिच्या ओट्यावर बसूनच विचारावा लागेल, आणि तोही बहुधा विद्यार्थिनींनीच.