खोली आहे, पण तुमच्यासाठी नाही!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते शुद्ध वऱ्हाडीत होतं : "सोबत जेन्ट्स कोनी नाई काय? मंग रूम नाई भेटत."

झालं असं, की सिव्हिलच्या आम्ही दोघी नरनाळ्यावरची तळी बघायला गेलो होतो. परतताना शहानूरहून गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. अकोटला पोचलो तर अकोल्याची शेवटची एस.टी. गेलेली! स्टँडजवळच्या लॉजमध्ये गेलो. आमच्याकडे आयडी होतं, पैसे होते, भिंतीवर चाव्याही लटकत होत्या. मॅनेजर म्हणे, "उद्या काई झालं तं पोलिसायची कटकट." त्यांची भीती मी समजू शकते. पण पुरुष सोबत नसला तर बाईला खोली देऊ नये, असा कायदा आपल्या देशात नाही. आमच्याच वर्गातली चार मुलं मागच्या वर्षी अकोटलाच एका खोलीत कोंबून राहिली. त्यांना कोणी विचारलं नाही, "सोबत लेडीज कोनी नाई काय?"

दुसऱ्या लॉजवर काउंटरला काकू बसल्या होत्या. "या वं पोरीहो, आंधी पानी प्या." सहाशे रुपयांत धुतलेली चादर, सकाळी बादलीभर गरम पाणी आणि दाराला आतून घट्ट बसणारी कडी. ए.सी.-टी.व्ही.चं कौतुक असेल कोणाला, मला त्या कडीमुळे झोप लागली.

अकोटला लागूनच अंजनगाव सुर्जी तालुका. त्यातलं शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव (1876). वाटसरूंचे हाल होऊ नयेत म्हणून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलचे पेशंट आणि नातेवाईक राहतात. आणि त्यांच्याच मुलखात आम्ही रात्री बॅगा घेऊन रस्त्यावर!

हॉस्टेलवर आल्यावर वर ऐकावं लागलं, "मुलींनी जायचंच कशाला?" मग बाहेरगावच्या इंटरव्ह्यूला, गेटच्या परीक्षेला, साइट व्हिजिटला कोणी जायचं? टी.पी.ओ. सरांना एक विनंती आहे. ऑफिसात एक रजिस्टर ठेवा. कोणत्या गावात मुलींना नीट खोली मिळाली, भाडं किती, कडी लागते का, हे राहून आलेल्या मुलीच लिहितील. पहिली नोंद मी करते. काकूंचा नंबर माझ्याकडे आहे.