आधी पायरी द्या!

ट्रॅक्टर-ट्रॉलीला जीपीएस आणि ब्लॅक बॉक्स सक्तीचा करू पाहणारा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा जुलै २०२५ चा मसुदा आला आणि कोल्हापूर जिल्ह्यात संताप उसळला. तो खर्चावरून होता. ती तक्रार रास्त आहे आणि शेतकरी संघटनांनी ती जोरात मांडलीही आहे. आमचा राग त्याहून मुळाशी जाणारा आहे. ट्रॅक्टर कुठून कुठे गेला, अपघाताच्या क्षणी त्याचा वेग किती होता, हे सरकारला कळावे म्हणून नियम होतो. पण साठी ओलांडलेला माणूस त्या ट्रॅक्टरवर चढतो कसा आणि उतरतो कसा, हा विचार कुणालाही शिवत नाही. माणूस पडल्यानंतरची नोंद ठेवायला यंत्र हवे म्हणतात. तो पडू नये म्हणून एक पायरी द्यावी, असे कुणी म्हणत नाही.

करवीर, शिरोळ, हातकणंगले, कागल, कुठल्याही शिवारात जाऊन पाहावे. पोरगा शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर नाही तर पुण्यात, ट्रॅक्टरवर बाप. गुडघे धरलेले, मान पुरती वळत नाही, पण रोटर मारायचा आहे, सऱ्या सोडायच्या आहेत, खोडव्याला भर लावायची आहे. हे अपवादाचे चित्र राहिलेले नाही. ट्रॅक्टर मात्र आजही तिशीतल्या गड्यासाठीच बनवल्यासारखा.

त्याचे चढणे एकदा जवळून बघा. पायरी गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्यात ओल्या रानातली काळी माती चपलेला चिकटून तिच्यावर थापली गेलेली. जुन्या ट्रॅक्टरांत धरायला दांडा नसतो. मग एक हात मडगार्डवर आणि दुसरा स्टिअरिंगवर. स्टिअरिंग फिरते, त्याचा आधार कसला? डावा पाय पायरीवर ठेवून उजवा पाय क्लचच्या पेडलवरून आणि दोन पायांच्या मध्ये उभ्या असलेल्या गिअरच्या दांड्यावरून पलीकडे न्यायचा. गुडघा वाकत नसलेल्या माणसाने हे दिवसातून किती वेळा करायचे? ट्रॉलीची पिन काढायला उतरायचे, पुन्हा चढायचे. पलटी नांगराचा बोल्ट बघायला उतरायचे, पुन्हा चढायचे. उतरताना तर बहुतेक जण समोर तोंड करून थेट उडीच टाकतात.

या चढण्याच्या त्रासातूनच एक जीवघेणी सवय पडली आहे. वर न चढता, खाली चाकाजवळ उभे राहून स्टार्टरच्या टर्मिनलांना स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि इंजिन सुरू करायचे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असला की मागचे चाक थेट अंगावर येते. क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये म्हणून बसवलेला स्विच या युक्तीपुढे निकामी ठरतो, कारण ठिणगी त्याला वगळूनच दिलेली असते. असा माणूस गेला की लोक ‘निष्काळजीपणा’ म्हणून मोकळे होतात. आम्हाला हा शब्द मान्य नाही. चढणे सोपे असते, तर तो खाली उभा राहिलाच नसता.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. टायर आणि सुट्या भागांवरचाही उतरला. स्वागतच आहे. पण स्वस्त झालेला ट्रॅक्टर चढायला होता तेवढाच अवघड आहे. महाडीबीटीवर यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी अर्ज करताना ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, नांगर, पेरणी यंत्र यांची नावे समोर येतात. धरायचा दांडा, जादा पायरी, हलका क्लच यांची येत नाहीत. अनुदान यंत्राला मिळते. ते चालवणाऱ्याच्या शरीराचा हिशेब त्यात कुठेच बसत नाही. आणि अनुदानाची रक्कम लाखाच्या घरात असताना हे बदल करायला फार पैसा लागतो, असेही नाही.

काय करता येईल, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही मिस्त्री उभ्या उभ्या सांगेल. आहे त्या पायरीखाली आणखी एक, बांधाला आपटली तर मागे झुकणारी पायरी, तिच्यावर माती खाली पडेल असा जाळीचा पत्रा. मडगार्डला बोल्टने आवळलेला उभा दांडा, म्हणजे चढता-उतरताना दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले राहतील. क्लचच्या पेडलला रुंद, खरबरीत पट्टी. जमेल तिथे हायड्रॉलिकची जोड. मान वळत नाही, तर दोन्ही बाजूंना मोठे आरसे. अवजार फिरवणाऱ्या पीटीओचा दांडा पिवळा, इंजिन बंद करण्याचा खटका लाल, आणि त्यावर ठळक मराठीत नाव; रंगांचा हा संकेत जगभर ठरलेला आहे. एकच पथ्य पाळायचे. ट्रॅक्टर उलटल्यास जीव वाचवणाऱ्या संरक्षक चौकटीला भोक पाडायचे नाही की वेल्डिंग मारायचे नाही, त्याने तिची ताकद जाते. म्हणून तर हे काम चोरूनमारून न होता नकाशा आणि तपासणीसह व्हायला हवे. म्हादबा मेस्त्रींनी ऑइल इंजिन घडवले ते याच गावात. आज कोल्हापूरच्या फौंड्र्यांतले कास्टिंग देशभरच्या वाहन कारखान्यांत जाते. त्या गावाला एक पायरी जड नाही.

जड आहे तो कायदा. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते कलम कडकपणे लावले. पायरी आणि दांडा त्यात येत नाहीत, असे स्पष्ट सांगणारा कागद मालकाच्या हातात नाही. मग पासिंगला अडवतील का, विम्याचा दावा नाकारतील का, ही धास्ती. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीसाठी वाहनात बदल करून नंतर मंजुरी घेण्याची वाट मोकळी केली, हे चांगलेच झाले. पण सत्तरीतल्या शेतकऱ्याकडे अपंगत्वाचा दाखला नसतो, त्याच्याकडे झिजलेले गुडघे असतात. त्याच्यासाठी वाट कुठे आहे?

‘एवढे वय झाले तर ट्रॅक्टर चालवूच नये,’ असे शहाणपण शिकवणारेही भेटतात. पंचावन्नच्या पुढे परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनीच होते आणि वैद्यकीय दाखला लागतो, तेव्हा तपासणीची सोय कायद्यात आहेच. ज्याची नजर आणि भान शाबूत आहे, त्याला केवळ पायरी उंच आहे म्हणून घरी बसवणार, तर त्याचे रान कोण कसणार? चालकाचा ताशी दर परवडत नाही म्हणूनच तो स्वतः चढतो.

माणसाने यंत्राशी जुळवून घ्यावे, हा हट्ट आपल्याच देशाने एकदा सोडला होता. मळणी यंत्रांत मजुरांचे हात जाऊ लागले, तेव्हा १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा झाला आणि पीक आत सारण्याचा पन्हाळ कसा असावा, हे कारखानदाराला बांधून दिले गेले. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काळात उलटून मरणाऱ्यांची संख्या जवळजवळ नाहीशी झाली. अमेरिकेत १९९१ पासून ‘अ‍ॅग्रअ‍ॅबिलिटी’ हा सरकारी मदतीचा कार्यक्रम सांधेदुखीने वा अपघाताने अधू झालेल्या शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरला पायऱ्या, दांडे, हाताने चालणारे क्लच कसे बसवावेत, याचा सल्ला देतो. आपल्याकडे भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने भारतीय शेतमजुरांच्या शरीराची मापे आणि ताकद मोजून २००९ मध्ये ग्रंथच काढला. मापे आहेत, ती वापरायला लावणारा हुकूम नाही. ट्रॅक्टरची चाचणी घेणाऱ्या बुदनीच्या संस्थेत इंजिन, ब्रेक, हायड्रॉलिक यांची कसून परीक्षा होते. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस त्या ट्रॅक्टरवर चढू शकतो का, हीसुद्धा तिथली परीक्षा व्हावी.

आणि साखर कारखाने? ऊस वाहतुकीचे करार करताना ते ट्रॉली मोजतात, उचल देतात, रिफ्लेक्टर लावायला सांगतात. यार्डात नंबर लागेपर्यंत रात्रभर ट्रॅक्टरवरच डुलक्या काढणाऱ्या चालकाला पाठ टेकायला जागा असते का? अंधारात, उसाच्या पाल्यावरून घसरत तो उतरतो तिथे दिवा असतो का? सहकाराचे नाव लावणाऱ्या संचालक मंडळांनी हे विचारायला सरकारी परिपत्रकाची वाट पाहू नये.

पुढचे गाळप सुरू होण्याआधी कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने कोणते बदल चालतात, याची एक पानी यादी मराठीत काढावी. कृषी विभागाने पायरी, दांडा आणि संरक्षक चौकट यांचा यांत्रिकीकरणाच्या अनुदानात समावेश करण्याचा प्रस्ताव मुंबईला पाठवावा. जिल्ह्याच्या खासदारांनी रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या मसुद्यावर नुसता खर्चाचा आक्षेप न घेता पायरीची मागणी लेखी नोंदवावी आणि उत्तर येईपर्यंत ती सोडू नये.