स्वयंपाकी बदलला, बाजार कोण करणार?

जुलै २०२५ मधली गोष्ट. भारतीय फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक हवा होता आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे १७० अर्ज आले होते. त्यांत दोन नावे अशी, की वाचणाऱ्याने चष्मा पुसून पुन्हा वाचावे. एक झावी, बार्सिलोनाचा. दुसरे पेप गार्डिओला, म्हणजे जगातल्या सगळ्यात महागड्या प्रशिक्षकांपैकी एक! झावीचे नाव तर वर्तमानपत्रांत झळकलेसुद्धा. मानधन परवडणार नाही म्हणून ते बाजूला ठेवल्याचेही छापून आले. मग २६ जुलैला महासंघाने खुलासा केला, की दोन्ही अर्ज खरे नव्हते. कुण्या विद्यार्थ्याने ई-मेलवरून केलेली ती थट्टा होती, असे नंतर बातम्यांतून कळले.

आपण सगळे हसलो. पण त्या दोन दिवसांत नाक्यानाक्यावर काय चर्चा रंगल्या म्हणता! झावी आला तर कुठल्या पद्धतीने खेळवील, सुनील छेत्रीला मधे घेईल की कडेला, इथपर्यंत मंडळी पोहोचली होती. फुटबॉल खेळणारे आपल्याकडे थोडे असतील, प्रशिक्षक नेमणारे मात्र घरटी एक सापडेल.

त्याचा अनुभव मला जबलपूरजवळच्या पाटनला आला. पाटन म्हणजे मटारचा मुलूख. हिवाळा लागला की पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याने धावत असतात आणि घराघरांत शेंगा सोलण्याचे काम निघते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मी मामांकडे गेलो, तेव्हा परात मधे ठेवून असेच सोलणे चालले होते. जबलपूर हे तसे हॉकीवर प्रेम करणारे शहर. मामांचे तारुण्यही हॉकीच्या गप्पांत गेले. पण त्यांचा नातू रात्र रात्र मोबाइलवर मँचेस्टर युनायटेड बघणारा. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० ने हरवले होते. २००३ नंतर प्रथमच बांगलादेशकडून हार! नातू पेटला होता.

"आबा, कोच बदलायलाच हवा. परदेशी आणा."

"अरे, परदेशीच होते ना इतकी वर्षे? आत्ता कुठे आपला माणूस बसवलाय. त्याला चार दिवस तरी द्या."

"चार दिवसांत चार मॅच हरतील!"

"आणि तुझ्या त्या युनायटेडचे काय रे? फर्ग्युसन गेल्यापासून किती बदलले सांग बरं."

नातवाने बोटे मोजली. २०१३ साली सर अॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले. मग मोयेस, फान गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, आमोरिम. मधले हंगामी वेगळेच. आणि १९८६ साली आलेल्या फर्ग्युसन यांना पहिला करंडक मिळायला १९९० उजाडले, लीगचे विजेतेपद तर १९९३ मध्ये आले. मामांना एवढे पुरे होते. त्यांनी मटाराची एक शेंग विजयी मुद्रेने फोडली.

मी मधे तोंड घातले. अमेरिकेत त्यांचा तो वेगळा, हातात चेंडू घेऊन धावायचा फुटबॉल असतो. तिथले चाहते प्रशिक्षकावर भांडतातच, पण त्याहून जास्त भांडतात ते जनरल मॅनेजर कोण असावा यावर. हा जनरल मॅनेजर मैदानावर दिसत नाही. कुठला खेळाडू घ्यायचा, कुणाला सोडायचे, पैसे कुठे घालायचे हे तो ठरवतो. प्रशिक्षकाने मिळेल त्या माणसांतून संघ बांधायचा. बिल पार्सेल्स नावाचे नामांकित प्रशिक्षक १९९७ साली न्यू इंग्लंडचा संघ सोडून गेले, तेव्हा त्यांची तक्रार हीच होती, की मला जेवण रांधायला सांगता, तर थोडा बाजार तरी मला करू द्या.

इतका वेळ न बोलणाऱ्या मामी हसल्या. "बरोबरच आहे त्याचं. भाजी तुमचे मामा आणणार, किडकी निघाली की नावं मला!"

मामा गप्प झाले. नातूही क्षणभर गप्प झाला. कारण भारतीय संघाचा बाजार कोण करतो, हा प्रश्न त्या वादात तोवर कुणी काढलाच नव्हता.

खरोखर कोण करतो? राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू विकत घेता येत नाहीत. क्लबांनी जे घडवले त्यांतूनच निवडायचे. तेही वर्षातून चार-पाच वेळा, दर वेळी जेमतेम दहा दिवसांसाठी मिळतात. आपल्या क्लबांनी गोल करण्याच्या जागी वर्षानुवर्षे परदेशी खेळाडू उभे केले. मग भारताला गोल करणारा कुठून मिळणार? सुनील छेत्री ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना खेळून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यालाच परत बोलवावे लागले. त्या वेळी प्रशिक्षक होते स्पेनचे मानोलो मार्केझ. गृहस्थ एकाच वेळी एफसी गोवाही सांभाळत होते. भारतासाठी त्यांचे आठ सामने झाले. एक जिंकला, तोही मालदीवशी. चार बरोबरीत सुटले, तीन गमावले. त्यांच्या आधीचे क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच पाच वर्षे होते. २०२४ च्या आशियाई करंडकात भारताने तीन सामने खेळले, तीनही हरले आणि गोल एकही केला नाही. जून २०२४ मध्ये त्यांना दूर केले आणि त्या घटस्फोटापायी महासंघाला चार लाख डॉलर मोजावे लागले. जुलै २०२५ मध्ये भारत जागतिक क्रमवारीत १३३ वा होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये हाच देश ९४ वा होता, हे आजच्या पोरांना सांगितले तर खरे वाटत नाही.

परदेशी वाईट आणि आपले चांगले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. इंग्लंडच्या बॉब हॉटन यांच्या काळात २००७ आणि २००९ चे नेहरू करंडक आपण जिंकले आणि २०११ मध्ये आशियाई करंडकाच्या मुख्य स्पर्धेत खेळलो. त्यांच्या जागी आलेले गोव्याचे आर्मांडो कोलासो यांनी डेम्पो क्लबला राष्ट्रीय विजेतेपदे सवयीची करून टाकली होती, पण भारतीय संघासोबत ते काही महिनेच टिकले. पासपोर्टावरून प्रशिक्षकाची लायकी ठरत नाही, एवढाच याचा अर्थ.

पण ज्या एका माणसाचे नाव मामा पुन्हा पुन्हा घेत होते, त्याच्याकडे जरा नीट पाहू. सय्यद अब्दुल रहीम. 'मैदान' हा २०२४ चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. हैदराबादचे हे शिक्षक १९५० ते १९६३ भारताचे प्रशिक्षक होते. १९५१ ला दिल्लीत आशियाई सुवर्णपदक, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आणि १९६२ ला जकार्तात पुन्हा सुवर्ण. त्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे गोल. जर्नेलसिंग खरा बचावपटू, डोक्याला टाके पडलेले, तरी रहीमसाहेबांनी त्याला पुढच्या फळीत खेळवले. स्वतः रहीमसाहेब कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

चित्रपटात हे सगळे आहे. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. १९४३ पासून मृत्यूपर्यंत रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. हैदराबाद सिटी पोलिसांचा बलाढ्य संघही त्यांनीच घडवला. म्हणजे पोरे हुडकायची त्यांनीच, तयार करायची त्यांनीच, स्पर्धा भरवायच्या त्यांनीच आणि भारताचा संघ उतरवायचाही त्यांनीच. बाजारही त्यांचा, चूलही त्यांची. जनरल मॅनेजर हा शब्द त्यांच्या कानावरही गेला नसेल.

आता खालिद जमील यांच्याकडे येऊ. आय. एम. विजयन यांच्या समितीने १७० अर्जांतून तीन नावे काढली. स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्टीफन टार्कोविच आणि खालिद जमील. १ ऑगस्ट २०२५ ला जमील यांची नेमणूक झाली. २०१२ नंतर प्रथमच या जागेवर भारतीय माणूस आला. जन्म कुवेतचा, कारकीर्द मुंबईची. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. मुंबई एफसीचे ते २००९ ते २०१६ प्रशिक्षक होते. पैसा बेताचा, तरीही त्यांच्या हाताखाली संघ खालच्या गटात घसरला नाही. मग ते मिझोरामच्या ऐजॉलला गेले आणि २०१६-१७ ची आय-लीग त्यांनी जिंकून दिली. आदल्या हंगामात घसरलेला आणि केवळ फेरप्रवेशामुळे लीगमध्ये राहिलेला हा संघ, त्याने मोहन बागानला मागे टाकले! मुंबई एफसीमध्ये घडलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्या हंगामात ऐजॉलकडून खेळले. कुठला मुलगा कुठे उपयोगी पडेल हे जमील यांना ठाऊक होते. इकडे मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला गेली आणि क्लबच मिटला. बाजार करणारा माणूस हलला की काय होते ते यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

राष्ट्रीय संघात मात्र हा बाजार त्यांच्या हाती नाही. पहिल्याच स्पर्धेला, मध्य आशियातल्या काफा करंडकाला, मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. क्लबांना खेळाडू सोडणे बंधनकारक असते त्या तारखांच्या आधीच स्पर्धा सुरू होत होती, त्यामुळे नियम क्लबाच्या बाजूने. तरीही ताजिकिस्तानला हरवून आणि ओमानला पेनल्टींवर नमवून जमील यांनी तिसरा क्रमांक आणला. सगळे खूश. ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरने २-१ ने हरवले, आशियाई करंडकाचे दार बंद झाले आणि सगळे नाखूश.

आता चाहत्यांच्या मताला किंमत किती, तेही पाहा. पुण्याचे वाचक एफसी पुणे सिटी विसरले नसतील. २०१४ ते २०१९, बालेवाडीचे मैदान. पहिल्या वर्षी कोलोम्बा, मग डेव्हिड प्लॅट, मग हबास, मग पोपोविच. पोपोविच यांनी २०१७-१८ मध्ये संघाला पहिल्यांदाच उपांत्य फेरीत नेले, तर पुढच्या हंगामाला माणूस बदललेला! पोर्तुगाल आडनावाचे गृहस्थ आले, ते हंगाम संपायच्या आत गेले आणि शेवटी फिल ब्राउन आले. दर वर्षी पुण्याची पोरे पुढचा प्रशिक्षक कोण यावर घसा कोरडा करायची. २०१९ मध्ये प्रश्नच संपला. क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. २०२५ मध्ये तीच जागा हैदराबादहून दिल्लीला गेली. भाडेकरूनेही इतकी घरे बदलू नयेत.

जर्मनीत क्लबातली बहुमताची सत्ता सभासदांकडे राहावी असा नियम आहे. बार्सिलोनाचा अध्यक्ष सभासद मतदानाने निवडतात. आपल्याकडे कोलकात्याच्या जुन्या क्लबांत अजून निवडणुका होतात, आणि त्या विधानसभेइतक्याच गाजतात. बाकी ठिकाणी मालक ठरवतो आणि चाहते टाळ्या वाजवतात.

याला कोल्हापूर अपवाद आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा तालीम यांचे सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळे सांगायला नको. तिथे संघ पेठेचा असतो. संघ कोण निवडतो, वर्गणी कुठे गेली, आफ्रिकेतून खेळाडू आणून आपल्या पोरांना बाकावर का बसवले, हे कारभाऱ्याला चहाच्या गाडीवर तोंडावर विचारता येते. तो दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जाणार असतो ना! या ईर्ष्येपायी हुल्लडबाजी होते, सामने थांबवायची वेळ येते, ते मला मुळीच आवडत नाही. पण याच गावाने २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव दिला, हेही तितकेच खरे.

हे सारे मी पाटनला सांगितले तेव्हा नातवाने विचारले, "मग काका, आपल्या टीमचा जनरल मॅनेजर कोणाला करायचं?"

मामा म्हणाले, "विजयन."

नातू म्हणाला, "छेत्री. खेळणं सोडल्यावर."

आणि दोघे पुन्हा जुंपले. परात भरत आली होती. मामींनी ती उचलली, दाणे चाळून पाहिले आणि आतून विचारले, की राज्याराज्यांतून अठरा वर्षांखालची पोरे बघत हिंडायचे काम सध्या कोणाकडे आहे, त्याचे नाव दोघांपैकी कोणी सांगेल काय? दोघांनाही ते सांगता आले नाही. मलाही नाही.