छायालेखनाची तालीम

2024 च्या मे महिन्यात कान महोत्सवात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटास ग्रां प्री मिळाले. त्याच महोत्सवात छायालेखक संतोष सिवन यांचाही सन्मान झाला. दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. अशा बातम्या वाचून आपल्या घरांतल्या मुलांना कॅमेऱ्याची ओढ लागली, तर त्यात नवल नाही. माझ्याकडे हार्मोनियम शिकणारा एक मुलगा त्यांतलाच. हातात फोन, पिशवीत दोन-तीन एलईडी दिवे आणि तोंडपाठ केलेला नियम: एक मुख्य दिवा, एक सावली भरून काढणारा, एक पाठीमागून.

नियम खोटा नाही. पण सरगम पाठ झाली म्हणजे राग आला, असे होत नाही.

गेल्या दिवाळीपूर्वी तो दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात माझ्या आईचे चित्रण करायला आला. आई चौकालगतच्या ओसरीवर वाती वळीत बसली होती. दिवे लागले, आणि चित्रात तिचा चेहरा अगदी सपाट उतरला. सुरकुत्या गेल्या, त्यांच्याबरोबर तिचे वयही गेले. “गुरुजी, या आपल्या आजी वाटतच नाहीत,” तोच म्हणाला. मी त्याला दिवे मालवायला सांगितले आणि चौकातला उजेड तासभर नुसता पाहायला बसविले. कॅमेऱ्यातले मला कळत नाही. पण माझे वडील संस्थानच्या अखेरच्या वर्षांत कलावंत कारखान्यात होते. शिष्याला ते आधी ऐकायला बसवीत, गायला मागाहून.

छायालेखनातही हेच घडलेले दिसते. सुब्रत मित्र यांनी ‘पथेर पांचाली’पूर्वी चित्रपटाचा कॅमेरा हाताळलेला नव्हता. मात्र रेन्वार यांच्या ‘द रिव्हर’चे बंगालमध्ये चित्रीकरण चालले असता त्यांनी बाजूला बसून, कोणता दिवा कोठे आहे, याची टिपणे आणि आकृत्या वहीत उतरविल्या होत्या. पुढे ‘अपराजितो’साठी (1956) बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला, तेव्हा त्यांनी वर कापड ताणून त्यावरून परतलेला मऊ प्रकाश घेतला. उघड्या चौकात आभाळाचा उजेड असाच उतरतो. ‘कागज के फूल’मधला (1959) तो प्रसिद्ध प्रकाशझोत व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून ऊन वळवून स्टुडिओत आणला. मित्र सतार वाजवीत, मूर्ती व्हायोलिन. माझ्यासारख्याला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

मूर्तींनी 1946 साली पदविका घेतली ती म्हैसूर संस्थानातल्या, बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले. दादासाहेब फाळके तेथे छायाचित्रण शिकले. राजेरजवाड्यांचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. यंत्र तेव्हा दुर्मीळ होते, म्हणून ते शिकण्याची जागा कोणाला तरी करून द्यावी लागली. आज यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणून शिकण्याची गरजच उरली नाही, असा आपला समज झाला आहे. मुलाला भारी लेन्स घेऊन देणारे वडील त्याला तासभर रिकामे बसलेले पाहिले की रागावतात. त्या तासातच तर नजर तयार होते.

तो मुलगा आठवड्याने पुन्हा आला. दिवे आणले नाहीत. माझ्याकडून एक जुने पांढरे धोतर मागून घेतले, आईच्या समोरच्या भिंतीवर टांगले आणि चौकातला उजेड त्यावरून तिच्या चेहऱ्यावर घेतला. या खेपेस आई आईसारखी दिसली.

आपल्या गल्ल्यांतले वाडे एकेक करून उतरत आहेत. आमच्याही वाड्याची बोलणी चालू आहेत. ज्यांच्या घरी अजून चौक आहे, त्यांनी अशा मुलांना तेथे खुशाल बसू द्यावे. वाडा गेल्यावर तो उजेड दिव्यांनी पुन्हा उभा करता येईल. पण तो कसा होता, हे कोणीतरी नीट पाहून ठेवलेले असायला हवे.