शेतांतील धूर आणि व्यापाऱ्यांचें कर्तव्य

कापसाची शेवटची वेचणी संपली, कीं वऱ्हाड-खानदेशांतील शेतांतून पऱ्हाट्यांचे ढीग पेटूं लागतात. शेतकरी हें अडाणीपणानें करतो असें नाहीं. गुलाबी बोंडअळी शेतांत दडून राहूं नये, म्हणून पऱ्हाटी हलविणें त्यास भागच असतें. आणि विकत घेणारा कोणी नसला, म्हणजे आगपेटी हाच त्याचा एकमेव गिऱ्हाईक ठरतो.

वस्तुतः हा माल टाकाऊ नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळीं चेम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञानें मक्याच्या पिठावर विशिष्ट जंतु वाढवून ॲसिटोन व ब्यूटेनॉल हीं द्रव्यें काढण्याची रीत इंग्लंडांत सिद्ध केली. दारूगोळ्यास ॲसिटोन हवें, आणि धान्य तर अपुरें. तेव्हां १९१७ सालीं तेथील शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटचीं रानफळें गोळा करविलीं गेलीं. पुढें खनिज तेलाचा माल स्वस्त झाला आणि ही विद्या मागें पडली.

काडीकचऱ्यांतील तंतू म्हणजे साखरेच्याच साखळ्या होत. त्या तोडल्या, तर दारूच्या साध्या यीस्टला न पचणारी झायलोज साखरही हे जंतु पचवितात. शिवाय ब्यूटेनॉल इथेनॉलपेक्षां अधिक उष्णता देतें व पाणी कमी शोषतें.

कोणी विचारील, मग अडलें कोठें? प्रश्न रास्त आहे. तंतूंवरील लिग्निनचें कवच फोडण्यास उष्णता व रसायनें लागतात. त्यांतून द्रव्य शेंकडा दीड-दोन होतांच जंतु आपल्याच उत्पन्नानें गुदमरतात, आणि इतकें थोडें द्रव्य पाण्यांतून वेगळें काढण्यास इंधन फार खर्चतें. पण अडचण म्हणजे अशक्यता नव्हे. पानिपत येथें २०२२ सालीं भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना उघडला. म्हणजे कवच फोडण्याचें काम आपल्या देशांत मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें गेलें आहे.

आमची सूचना एवढीच, कीं ब्यूटेनॉल प्रथम जाळण्यासाठीं नव्हे, तर रंग, वार्निश व औषधें यांच्या धंद्यांतील द्रावक म्हणून विकावें. द्रावकास इंधनाहून चढा भाव मिळतो, आणि नवा धंदा चढ्या भावावरच तग धरतो. कडबा गुरांचा आहे, त्यास कोणीं हात लावूं नये. उंसाच्या पाचटाचाही वांटा जमिनीस परत मिळावा. परंतु पऱ्हाटी व्यापाऱ्यांनीं वजनावर आणि रोखीनें घ्यावी.

जाळूं नको, हा उपदेश शेतकऱ्यानें पुष्कळ ऐकला. न जाळल्याचें मोल त्याच्या हातावर ठेवणें, हीच खरी सुधारणा होय.