डांबरी रस्त्याची ताकद वाळूच्या दाण्यात

पावसाळा आला की उल्हासनगर कॅम्प ४ मध्येही बोलणे खड्ड्यांवर येते आणि दोष डांबराला दिला जातो. डांबर कमी घातले, हा आरोप काही वेळा खराही असतो. मात्र डांबरी थराच्या वजनात डांबर साधारण पाच टक्केच असते. बाकी सगळी खडी आणि वाळूसारखी बारीक कच. या बारीक दाण्यांच्या आकाराची चौकशी क्वचितच होते.

नदीतली वाळू पाण्यात घासून गोलसर, गुळगुळीत झालेली असते. खाणीतला काळा दगड फोडून केलेल्या वाळूचे दाणे टोकदार, खरखरीत असतात. उन्हाळ्यात डांबर मऊ पडते तेव्हा भार पेलण्याचे काम दाण्यांवर येते. टोकदार दाणे एकमेकांत अडकून राहतात, गोल दाणे सरकतात. मग मालाचे टेम्पो जिथे संथ चालतात तिथे चाकोऱ्या पडतात. पावसात त्यांत पाणी साचते आणि दुचाकी घसरते.

हा गुण मोजणे अवघड नाही. वाळू नरसाळ्यातून १०० मिलिलिटरच्या भांड्यात सैल पडू द्यायची, वजन करायचे आणि दाण्यांमध्ये किती जागा रिकामी राहिली ते काढायचे. टोकदार दाणे दाटीने बसत नाहीत, म्हणून पोकळी जास्त राहते. अमेरिकेतील ‘सुपरपेव्ह’ पद्धतीत जड वाहतुकीच्या रस्त्याच्या वरच्या थरासाठी ती किमान ४५ टक्के लागते. चपट्या दाण्यांमुळेही हा आकडा फुगतो. त्यामुळे तयार मिश्रणाची ६० अंश सेल्सिअसला होणारी मार्शल चाचणीही टाळता येत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले. नद्या वाचवण्यासाठी ते गरजेचे आहे, आणि दगड फोडून केलेली वाळू डांबरी रस्त्यालाही मानवते. पण दगड फोडताना भुकटीही निघते. तिचा लेप दाण्यांवर बसला तर डांबर दगडाला धरत नाही आणि पाणी आत शिरते. म्हणूनच केंद्रीय मानकांत वाळूच्या स्वच्छतेची ‘सँड इक्विव्हॅलंट’ चाचणी असून तिची किमान मर्यादा ५० आहे.

रस्त्याच्या कामाचे चाचणी अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतात. डांबराच्या टक्केवारीसोबत वाळूचा अहवालही मागितला, तर खड्डा पडण्याआधीच प्रश्न विचारता येईल.