अर्धं तिकीट मिळालं, गाडीचं काय?

परवा स्टँडवर एक मावशी भेटल्या. बाजाराची पिशवी पायाशी, नजर घड्याळावर. ‘‘ताई, साडेपाचची लागली का हो?’’ मी म्हटलं, ‘‘ती आज रद्द आहे म्हणे.’’ त्यांनी मुकाट्यानं मुलाला फोन लावला, ‘‘न्यायला ये रे.’’ पेट्रोल जळणार ते जळणारच, वर घरी गेल्यावर मुलाची बोलणी!

१७ मार्च २०२३पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. तेव्हा ‘बायका आता उगाच फिरत सुटतील’ असं पारावर बोललं गेलं. फिरल्याच की! माहेरी गेल्या, दवाखान्यात गेल्या, मुलीच्या कॉलेजात जाऊन आल्या. जानेवारी २०२५मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरी आपली सवलत राहिली.

पण मैत्रिणींनो, एक गंमत बघा. कंडक्टरच्या मशीनमधून आपलं तिकीट निघालं की त्याची नोंद होते. सवलतीचे पैसे सरकारनं महामंडळाला द्यायचे असतात, त्यामुळे तो हिशेब ठेवावाच लागतो. आणि जी गाडी सुटलीच नाही, तिच्यासाठी तासभर ताटकळलेली बाई? ती कुठल्याच कागदावर नाही. गाडीचा भरवसा नाही म्हणून घरात हप्त्यावर दुचाकी येते, एसटीचे प्रवासी आणखी घटतात, मग ‘उत्पन्न नाही’ म्हणून उरलेली फेरीही जाते. धूर वाढला म्हणून ओरडायला आपण मोकळ्या!

विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९४८ साली पहिली एसटी याच मार्गावर, याच तारखेला सुटली होती. कौतुक आहेच. पण आमच्या फाट्यावर संध्याकाळची साधी लाल गाडी रोज आली, तरी कितीतरी मोटरसायकली घरीच राहतील.

ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथं पाणी, दारू, रेशन यांवर आपण तावातावानं बोलतो. गाडीच्या वेळेचा ठराव मात्र मी अजून ऐकला नाही. तिथं नाही मांडला, तर आगार व्यवस्थापकाला कळणार तरी कसं?

आमच्या बचत गटानं आता एक वही घातलीय. तारीख, गाडीची वेळ, आली की नाही, किती जणी थांबल्या होत्या. पंधरा दिवसांनी ठरावासोबत ती आगारात द्यायची आहे. पहिल्या ओळीत त्या मावशींची साडेपाचची गाडी आहे.